पाळीने येणारा ताप

चांदे-नांद्यासारख्या मुळशीच्या गावांत ताप ठरावीक पाळीने येऊ लागला की जुनी माणसे हिवतापाचे नाव घेतात. ते योग्यच आहे. एक दिवसाआड येणारा ‘तृतीयक’ व दोन दिवस सोडून येणारा ‘चातुर्थक’ असे विषमज्वराचे भेद आयुर्वेदानेही सांगितले आहेत.

परंतु काही थोड्या मुलांना ताप वारंवार येतो आणि रक्तात मात्र कोणतेच जंतू सापडत नाहीत. ‘भूमध्य सागरी कौटुंबिक ज्वर’ हा असाच एक आनुवंशिक विकार होय. तुर्क, आर्मेनियन, अरब व ज्यू कुटुंबांत तो विशेष आढळतो. भारतात तो विरळा आहे. मूल एकाएकी तापाने फणफणते. पोट, छाती किंवा सांधे दुखतात. एक ते तीन दिवसांत सारे ओसरते आणि मूल पुन्हा खेळू लागते. त्यामुळे घरच्यांना ते शाळा बुडविण्याचे ढोंग वाटते. कधी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रियाही विनाकारण होते.

या विकाराचे मूळ १९९७ साली सापडले. सोळाव्या गुणसूत्रावरील एक जनुक ‘पायरिन’ नावाचे प्रथिन घडविते. पांढऱ्या पेशींतील हे प्रथिन म्हणजे गावचा जागल्याच. जनुक सदोष असले की चोर नसतानाही तो हाकाटी करतो, आणि शरीरात दाह व ताप उसळतो. आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः बहुधा निरोगीच असतात.

खरा धोका तापाहून पुढचा आहे. दाह वर्षानुवर्षे चालू राहिला तर ‘अमायलॉइड’ प्रथिन साचून मूत्रपिंडे निकामी होतात. कोल्चिसीन हे औषध रोज घेतल्यास हे टळू शकते. त्याचा उपयोग १९७२ पासून माहीत आहे. विशेष म्हणजे पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांत हेच द्रव्य असते. कळलावीचे संस्कृत नाव अग्निशिखा, आणि ‘पायरिन’ हे नावही अग्नीच्या ग्रीक शब्दावरून आले आहे! मात्र कळलावी जहाल विषारी आहे. तिचा कंद घरी उगाळून देणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ होय.

मुलाला वारंवार ताप येत असेल तर आधी हिवतापासाठी रक्त तपासावे. प्रत्येक तापाची तारीख व दिवस दिनदर्शिकेवर टिपून ठेवावेत आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. निदानाची वाट पुष्कळदा तेथूनच सापडते.