दी-ह्वांग : चिनी वैद्यांचें काळें मूळ

चिनी वैद्यकांत 'यिन' आणि 'यांग' हे दोन शब्द पावलोपावलीं भेटतात. त्यांचा अर्थ ध्यानीं येण्यासाठीं देवघरांतील समई डोळ्यांपुढें आणा. ज्योत म्हणजे यांग, तिला पोसणारें तेल म्हणजे यिन. तेल आटलें कीं ज्योत वातीलाच खाऊं लागते. रात्रीं घाम सुटणें, तळहात-तळपाय तापणें, घशाला कोरड पडणें हीं लक्षणें तेथील वैद्य यिन क्षीण झाल्याचीं मानतात. अशा वेळीं ते ज्या मुळांकडे वळतात, त्यांत दी-ह्वांग हें प्रमुख होय.

दी म्हणजे भूमि, ह्वांग म्हणजे पिवळें. वनस्पतिशास्त्रांत यास रेहमानिया म्हणतात. हेनान प्रांतांत, ह्वांग-हो नदीच्या परिसरांत पिकणारें मूळ सर्वोत्तम समजतात. एकदां पीक घेतलें कीं त्याच शेतांत कित्येक वर्षें तें पुन्हां लावीत नाहींत. लावल्यास नीट पोसत नाहीं.

नुसतें वाळविलेलें मूळ शीत मानलें आहे. तेंच मद्यांत मुरवून वाफविलें म्हणजे काळेंभोर, मऊ व गोड होतें आणि त्याचा गुण किंचित् उष्ण मानतात. जुनी रीत नऊ वेळां वाफवून नऊ वेळां वाळविण्याची. या क्रियेंत कॅटाल्पॉल नांवाचें द्रव्य घटतें व साध्या शर्करा वाढतात, असें रसायनशास्त्र सांगतें.

सोंग राजवटींत छियेन यी नांवाचे बालवैद्य होऊन गेले. टाळू लवकर न भरणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं आठ द्रव्यांची एक प्राचीन गोळी घेतली. तींत दालचिनी व बचनागाच्या जातीचें एक मूळ होतें. बालकाच्या अंगीं यांग मूळचाच पुष्कळ, म्हणून हीं दोन्ही उष्ण द्रव्यें त्यांनीं वगळलीं. त्यांची सहा द्रव्यांची गोळी इ. स. १११९ च्या ग्रंथांत नोंदली आहे व आजही ती खपते. काय घालावें याइतकेंच काय वगळावें, हेंही वैद्याचें ज्ञान होय.

मात्र हें मूळ पचावयास जड आहे. मंदाग्नि असणाऱ्यास पोटफुगी व जुलाब होऊं शकतात. शिवाय रात्रींचा घाम हें क्षयरोगाचेंही लक्षण असतें. तेव्हां अशी गोळी परस्पर मागवून घेण्यापूर्वीं छातीची तपासणी करवून घ्यावी. समईंत तेल ओतण्याआधीं ती गळते आहे काय, हें पाहणें शहाणपणाचें.