दात हलतो, इम्प्लांट हलत नाही : माप कशात घ्यायचं?

विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, हे डॉक्टरांनी आपापसांत बोलावं, आम्हाला कशाला? पण तुमच्यापैकी ज्यांनी इम्प्लांट बसवून घेतलंय, त्यांनी कधीतरी तोंडात भरलेला ट्रे घेऊन, नाकाने श्वास घेत पाच-सहा मिनिटं काढलेली आहेत. वर बसणारा दात पुढे किती वर्षं सुखाने चालणार, यातलं बरंच काही त्या पाच मिनिटांत ठरतं. म्हणून आज फक्त त्या पाच मिनिटांबद्दल बोलू.

आधी दात आणि इम्प्लांट यांतला एक फरक. आपला दात हाडात सिमेंटने चिकटवल्यासारखा नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक बारीक पडदा असतो, आणि त्यावर दात अक्षरशः टांगलेला असतो. चावताना तो किंचित दबतो. साधारण 25 ते 100 मायक्रॉन, म्हणजे जास्तीत जास्त एका केसाच्या जाडीएवढा. इम्प्लांटला हा पडदा नाही. टायटॅनियमला हाड थेट धरून बसतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि 1965 मध्ये गॉथेनबर्गला पहिल्या पेशंटवर ते वापरलं. त्या पकडीमुळेच इम्प्लांट टिकतं. पण त्यामुळेच ते दबतं जेमतेम 3 ते 5 मायक्रॉन.

याचा अर्थ काय? दातांवरच्या ब्रिजचं माप थोडं चुकलं तर दात स्वतः जरा सरकून घेतात, सांभाळून घेतात. इम्प्लांट सांभाळून घेत नाही. ब्रिज किंचित तिरका असला तरी स्क्रू पिळला की तो बसल्यासारखा दिसतो, पण तो ताण कुठेतरी साठून राहतो. स्क्रूत, वरच्या पोर्सेलिनमध्ये, नाहीतर हाडात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट सांगतो. साठीच्या एक बाई होत्या, खालच्या जबड्यात मागे तीन इम्प्लांट. माप घेतलं ते ड्रॉवरमध्ये हाताशी होतं त्या कंडेन्सेशन सिलिकोनमध्ये. दातांसाठी रोज तेच वापरायचो. लॅब दुसऱ्या गावाला, माप एसटीच्या पार्सलने गेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलं. ब्रिज आला, बसवला. शेवटचा स्क्रू जरा जड गेला. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, ओढल्यासारखं वाटतंय हो." मी म्हटलं, "दोन दिवसांत सवय होईल." सवय झाली नाही. स्क्रू तीनदा सैल झाला, चौथ्यांदा तुटला. तुटलेला तुकडा काढायला मला दीड तास लागला, आणि त्या एक शब्द न बोलता तोंड उघडून बसल्या होत्या. तो दीड तास मी विसरलेलो नाही.

चूक कुठे झाली, त्याचा ढोबळ हिशोब करू. कंडेन्सेशन सिलिकोन घट्ट होताना त्यातून अल्कोहोल सुटतं. ते उडून जातं आणि रबर आकसतं. एका दिवसात साधारण अर्धा टक्का. दोन टोकांच्या इम्प्लांटमध्ये 25 मिलिमीटर अंतर धरा. अर्धा टक्का म्हणजे 125 मायक्रॉन. प्रत्यक्षात रबर ट्रेला चिकटलेलं असतं, त्यामुळे ते सगळीकडे सारखं आकसत नाही. तरी अंदाज आला ना? 5 मायक्रॉन दबणाऱ्या वस्तूला मी शंभरच्या वर मायक्रॉनचा फरक सोसायला सांगत होतो. ते मटेरियल वाईट नाही. त्यात तासाभराच्या आत प्लास्टर ओतायचं असतं, एसटीत बसवायचं नसतं.

अल्जिनेट तर इथे बादच. दवाखान्यात पावडर पाण्यात कालवून गुलाबी लगदा करतात ना, तेच. समुद्री शेवाळापासून बनतं. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारं अगर मिळेनासं झालं तेव्हा पर्याय म्हणून ते पुढे आलं. त्यात बहुतांश पाणीच असतं. उघडं ठेवलं तर सुकतं, पाण्यात ठेवलं तर फुगतं. कवळीच्या पहिल्या मापाला उत्तम, समोरच्या जबड्याच्या मापाला उत्तम. इम्प्लांटच्या अंतिम मापाला नाही.

उरतात दोन. पॉलिइथर आणि ॲडिशन सिलिकोन. आता खरा मुद्दा.

नैसर्गिक दाताच्या कॅपचं माप घेताना मटेरियलला हिरडीच्या कडेची बारीक रेघ वाचावी लागते. इम्प्लांटच्या बाबतीत ते काम मटेरियलचं नसतंच. इम्प्लांटवर आपण धातूचा एक तयार तुकडा स्क्रूने बसवतो, त्याला कोपिंग म्हणतात. इम्प्लांटशी जुळायचं ते कारखान्यातूनच जुळवून आलेलं असतं. मटेरियलने फक्त एवढंच करायचं, की हे कोपिंग तोंडात जिथे आणि जसं उभं होतं तसंच लॅबच्या टेबलापर्यंत धरून ठेवायचं. म्हणजे प्रश्न बारकाव्याचा नाही, पकडीचा आहे. गंमत म्हणजे जाहिराती सगळ्या बारकाव्याच्याच असतात!

पकडीत पॉलिइथर पुढे आहे. ते 1960 च्या दशकात जर्मनीत आलं, घट्ट झालं की चांगलंच कडक होतं. लॅबमध्ये टेक्निशियन त्या कोपिंगला इम्प्लांटची नक्कल स्क्रूने जोडतो, तेव्हा हात जरा जड पडला की मऊ रबरात कोपिंग फिरतं. पॉलिइथरमध्ये सहसा फिरत नाही. ओलावाही त्याला चालतो, आणि हिरडीजवळ लाळ, रक्त थोडं असतंच. चव मात्र कडू. पेशंट तोंड वाकडं करतात ते उगीच नाही.

पण हाच कडकपणा अंगाशी येतो. शेजारचे दात हिरड्यांच्या आजाराने उघडे पडलेले असतील, मध्ये फटी असतील, जुन्या ब्रिजखाली पोकळी असेल, तर पॉलिइथर तिथे शिरून अडकतं. ट्रे निघत नाही. जोर लावला तर हलणारा दात सोबत यायची भीती. म्हणून आधी त्या फटी मेणाने बुजवायच्या. इम्प्लांट एकमेकांकडे फार तिरके असतील तरी हीच अडचण. ट्रे काढताना कडक रबर ताणलं जातं आणि पूर्ण मूळ जागी परत येत नाही. अशा तोंडात मी ॲडिशन सिलिकोन घेतो. ते जास्त लवचिक, ताणलं तरी जवळजवळ पूर्ण परत येतं, आणि त्यातून काही उडून जात नसल्याने आकसणं फार थोडं. एकाच मापात दोनदा प्लास्टर ओतता येतं. एसटीने पाठवलं तरी चालतं! फक्त लॅटेक्सचे हातमोजे घालून ते मळायचं नाही. त्यातल्या गंधकामुळे रबर नीट घट्टच होत नाही. पॉलिइथरची काळजी वेगळी. ते पाणी शोषतं, म्हणून धुऊन, निर्जंतुक करून कोरडं पाठवायचं. ओल्या कापसात गुंडाळून पाठवलं तर ते फुगलंच म्हणून समजा.

एक-दोन इम्प्लांट, सरळ उभे, शेजारचे दात धड, अशा वेळी दोन्हींतलं काहीही चालतं. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. पूर्ण जबड्याचे चार-सहा इम्प्लांट असतील तर मटेरियलपेक्षा पद्धत मोठी. ट्रेला वरून भोकं ठेवायची, कोपिंगचे स्क्रू त्यातून सोडवायचे, म्हणजे कोपिंग मापासोबतच बाहेर येतात. आणि ती सगळी कोपिंग आधी रेझिनने एकमेकांना जोडायची. रेझिनही आकसतं, म्हणून जोडल्यावर मधून कापायचं, थांबायचं आणि ती बारीक फट पुन्हा थोड्याशा रेझिनने भरायची. वेळखाऊ काम आहे. पेशंटला वाटतं डॉक्टर काय खेळतोय.

आणखी एक, आपल्याकडचं. डब्यावर लिहिलेली वेळ साधारण 23 अंशांच्या खोलीची असते. मे महिन्यात नागपूर-अकोल्यात एसी बंद पडलेला असेल तर त्या वेळेवर विसंबायचं नाही. पॉलिइथर ट्रेमध्ये भरेपर्यंतच घट्ट व्हायला लागतं. अर्धवट घट्ट झालेलं मटेरियल दाबून बसवलं की वरून माप सुंदर दिसतं आणि आत ताण राहतो. तेव्हा एसी दुरुस्त होईपर्यंत पेशंटला घरी पाठवलं तरी बिघडत नाही.

चॅटमध्ये प्रश्न आलाय : स्कॅनर आल्यावर हे सगळं कशाला? बरोबर आहे. एक-दोन इम्प्लांटला मी स्वतः स्कॅन करतो. पण स्कॅनर छोटे छोटे फोटो जोडत पुढे जातो, आणि दात नसलेल्या सपाट हिरडीवर त्याला खुणा सापडत नाहीत. एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चूक साचत जाते. पूर्ण जबड्याला मी अजून ट्रे घेतो, किंवा स्कॅन केलं तरी वेगळी पडताळणी करतो.

दुसरा प्रश्न, एका ताईंचा : "माझ्या आईचा ब्रिज डॉक्टरांनी बसवला, एकच स्क्रू लावला, एक्स-रे काढला आणि ब्रिज परत काढला. काही चुकलं का?" नाही. ती तपासणी आहे. एका टोकाचा एकच स्क्रू पिळायचा आणि दुसऱ्या टोकाला ब्रिज उचलला जातो का ते बघायचं. उचलला गेला तर ब्रिज कापून तोंडातच पुन्हा जोडायचा किंवा माप परत घ्यायचं. आईंना सांगा, एक फेरी जास्त पडली. आणि पुढच्या वेळी स्क्रू लावताना ओढल्यासारखं वाटलं तर त्यांनी तिथल्या तिथे बोलायचं, घरी येऊन नाही.