रिपोर्टमधलं ‘ईआर पॉझिटिव्ह’

स्तनातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट हातात आला की त्यात बऱ्याचदा एक ओळ असते: ‘ईआर पॉझिटिव्ह, ९० टक्के’. गाठीचा पातळ काप रंगवून पाहिला, तेव्हा १०० पैकी ९० कर्कपेशींची केंद्रकं तपकिरी दिसली, असा तिचा अर्थ. तो तपकिरी रंग म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर या प्रथिनाची खूण.

जवळपास सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. कुठलं कधी चालू करायचं, हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं ठरवतात आणि हा रिसेप्टर त्यांपैकीच एक. इस्ट्रोजेन त्याच्या खोबणीत शिरलं की प्रथिनाच्या टोकाकडचा एक छोटा पीळदार तुकडा वळून त्या खोबणीवर झाकणासारखा बसतो. त्यामुळे शेजारी मदतनीस प्रथिनांना चिकटायला जागा होते. दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवर बसतात आणि पेशीविभाजनाला लागणारी जनुकं चालू होतात. त्यांतलं ‘मिक’ तर स्वतःच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर बनवतं, म्हणजे एका आदेशातून पुढचे कितीतरी सुटतात. निरोगी स्तनात हे बेतानं चालतं. कर्कपेशी मात्र याच आदेशावर वाढत राहते.

रिपोर्टमध्ये लगेच खाली ‘पीआर’ असतं, त्याकडेही पाहावं. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचं जनुक इस्ट्रोजेन रिसेप्टरच चालू करतो. पीआर पॉझिटिव्ह असेल, तर ईआर नुसता हजर नाही, कामही करतोय, असं समजतं.

टॅमॉक्सिफेन हे औषध इस्ट्रोजेनच्याच खोबणीत बसतं, पण त्याची एक लांब शाखा बाहेर डोकावते. त्यामुळे झाकणाचा तो पीळदार तुकडा जागेवर बसू शकत नाही. सरकतो आणि नेमकी मदतनिसांची जागा अडवतो. रिसेप्टर डीएनएवर असूनही वाढीची जनुकं शांत राहतात. मला हे औषधशास्त्रातलं फार मोठं यश वाटतं.

पसरलेल्या आजारात, इस्ट्रोजेन कमी करणारी औषधं बराच काळ चालल्यावर, काही पेशींत रिसेप्टरचं ५३७ किंवा ५३८ क्रमांकाचं अमिनो आम्ल बदलतं. मग इस्ट्रोजेन नसतानाही झाकण बसलेलंच राहतं आणि आजार पुन्हा बळावतो. अशा वेळी रिसेप्टरच नष्ट करणारी औषधं लागतात. त्यांतल्या एलासेस्ट्रंट या गोळीला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

सुरुवातीच्या टप्प्यातल्या ईआर पॉझिटिव्ह आजारात ५ वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्यास पुढच्या १५ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. गोळीने अंगातून वाफा निघतात, घाम येतो, त्रास खरा असतो. तो डॉक्टरांना जरूर सांगा, पण बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.