झेवियर : वंशाविना वाढलेले आडनाव

मुंबईतील विक्रोळी ज्या साष्टी बेटावर वसली आहे (गोव्याची साष्टी निराळी), तेथील ख्रिस्ती वस्तीत रॉड्रिग्ज, फर्नांडिस ही पोर्तुगीज आडनावे नित्याची आहेत. क्वचित आढळणारे ‘झेवियर’ हे आडनाव मात्र मूळचे स्पेनच्या उत्तरेकडील नवारा प्रांतातले, आणि तेही स्पॅनिश नव्हे, तर बास्क या तेथील प्राचीन भाषेतले आहे. ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे, या जोडशब्दावरून तेथील एका गढीला हे नाव पडले. १५०६ मध्ये त्या गढीत जन्मलेल्या फ्रान्सिस (पुढे संत फ्रान्सिस झेवियर) यांचे वडील यासो घराण्यातले आणि आई अस्पिलकुएता घराण्यातली. सख्ख्या भावंडांनी वेगवेगळी आडनावे लावण्याची त्या काळी तेथे मुभा असल्याने फ्रान्सिस गढीच्या नावाने ओळखले गेले. तेव्हाचा ‘शाव्हियेर’ हा उच्चार पोर्तुगीजांनी राखला, स्पॅनिशमध्ये पुढे ‘श’चा ‘ख’ होऊन ‘खावियेर’ झाले, तर मुंबईला इंग्रजीच्या वाटेने ‘झेवियर’ मिळाले.

१५४२ मध्ये गोव्यात उतरलेले आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ निधन पावलेले फ्रान्सिस हे व्रतस्थ येशूसंघीय धर्मगुरू होते, त्यामुळे त्यांचा वंश वाढण्याचा प्रश्नच नव्हता. नाव पसरले ते श्रद्धेने, आणि याचा आरंभ नात्यातच झाला : मूळचे एस्पेलेता असलेले त्यांच्या बहिणीचे नातू जेरोनिमो यांनी झेवियर हे नाव घेतले व त्याच नावाने ते १५९५ मध्ये लाहोरला अकबराच्या दरबारी पोहोचले. १६२२ मध्ये फ्रान्सिस यांना संतपद मिळाल्यावर हे बाप्तिस्म्याचे, म्हणजे दीक्षाविधीत ठेवण्याचे, आवडते नाव ठरले. गोव्यात तर ते आडनावापर्यंत पोहोचले, ज्याचे ठळक उदाहरण म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इतिहासकार फिलिप नेरी झेवियर.

विक्रोळीसारख्या कारखान्यांच्या उपनगरात या आडनावाला आणखी एक, बहुधा कमी ध्यानात येणारी, वाट आहे. फ्रान्सिस यांनी १५४२ पासून तमिळ किनाऱ्यावरील मोती काढणाऱ्या परवर समाजात काम केले, त्यामुळे तिकडे मुलांना झेवियर हे नाव ठेवले जाते, आणि तमिळनाडू व केरळमध्ये वडिलांचे नाव आपल्या नावाला जोडण्याची पद्धत असल्याने तेथून नोकरीसाठी आलेल्या माणसाच्या कागदपत्रांत वडिलांचे पाळण्यातले नावच आडनावाच्या रकान्यात बसते. अशा वेळी एकाच इमारतीतल्या दोन झेवियर कुटुंबांचे एकमेकांशी किंवा त्या गढीशी रक्ताचे नाते असेलच असे नाही. गोवेकराचे आडनाव पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तर दाक्षिणात्य झेवियरच्या नातवाचे आडनाव बदललेले असू शकते.