पूर्वेचा वारा आणि भोपाळची रात्र

तांबड्या समुद्राचा वृत्तान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोशेने हात उगारला आणि समुद्र दुभंगला, एवढेच आपल्या ध्यानात राहते. परंतु निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात आणखीही एक तपशील आहे. परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहविला आणि त्या वाऱ्याने समुद्र मागे हटला, असे पवित्र लेखक सांगतो. क्षणार्धात नव्हे, रात्रभर! वसईच्या कोळी बांधवांना मतलई वारा जसा परिचयाचा, तसाच इस्राएल लोकांनाही वारा परिचयाचा होता. तरी 'वाऱ्याने झाले, म्हणजे देवाने केले नाही' असे त्यांच्या मनात आले नाही.

जुन्या करारात हे जागोजागी आढळते. मिसर देशावर टोळ आले ते पूर्वेच्या वाऱ्याबरोबर, गेले ते पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर. रूथ धान्य वेचावयास गेली, ती सहजच बवाजच्या शेतात जाऊन पोहोचली. एस्तेरच्या पुस्तकात राजाला एका रात्री झोप लागली नाही, आणि एका जातीचे प्राण वाचले. त्या ग्रंथाच्या हिब्रू पाठात तर देवाचे नावसुद्धा येत नाही! संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण हीच आहे. ईश्वर हे आद्य कारण आणि सृष्टीतील वस्तू ही दुय्यम कारणे. काम अर्धे देवाचे व अर्धे वाऱ्याचे असे नव्हे; सगळेच वाऱ्याचे आणि सगळेच देवाचे.

हे ऐकावयास गोड वाटते. पण वारा नेहमी समुद्रच दुभंगतो असे नाही.

१९८४ सालच्या डिसेंबर महिन्यात, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, भोपाळ शहराच्या उत्तरेकडील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला. टाकीत पाणी शिरले होते आणि रक्षणाची साधने कामास आली नाहीत. हा वायू हवेहून जड. थंडीची रात्र, मंद वारा. त्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत पसरत जयप्रकाशनगराच्या झोपड्यांत आणि जुन्या शहरात शिरला. हजारो माणसे मेली. पाच लाखांहून अधिक लोकांना बाधा झाली. दक्षिणेकडे दूर असलेल्या हबीबगंजच्या बाजूला मात्र त्याचा जोर पुष्कळच ओसरला होता. पुढे सरकारने शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुबाधित म्हणून जाहीर केले.

हबीबगंजच्या एखाद्या कुटुंबाने त्या सकाळी देवाचे आभार मानले असतील, तर ते योग्यच होते. पण 'देवाने आम्हांला राखले' याच्या पुढे जाऊन 'त्यांना राखले नाही' असे कोणी म्हणू लागला, तर पवित्र शास्त्र त्याचे तोंड धरते. ईयोबाची मुले वाळवंटाकडून आलेल्या वाऱ्यानेच घराखाली चिरडली गेली. त्याच्या मित्रांनी त्यात पापाचा हिशेब शोधला, आणि देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर. शिवाय भोपाळचा वारा निर्दोष होता. टाकीची हेळसांड माणसांची होती. योसेफाला विकणाऱ्या भावांचे कृत्य दुष्टच होते, देवाने त्यातून कल्याण साधले म्हणून ते चांगले ठरले नाही.

मग त्या रात्री देव कोठे होता? आमच्यापाशी पूर्ण उत्तर नाही, आणि ज्याच्यापाशी ते असेल त्याचा आम्हांला थोडा संशयच येईल. मात्र योसेफाच्या गोष्टीत दुष्काळ टळला नाही. कोठारे भरून ठेवणारा एक माणूस तेवढा मिळाला. भोपाळच्या रेल्वे स्थानकावर त्या रात्री गुलाम दस्तगीर हे उपस्थानक अधीक्षक कामावर होते. गोरखपूरहून आलेली प्रवाशांनी भरलेली गाडी फलाटावर उभी होती आणि तिची सुटण्याची वेळ झाली नव्हती. डोळे जळत असता, श्वास कोंडत असता त्यांनी ती वेळेआधीच सोडावयास लावली, आणि इतर स्थानकांना निरोप धाडला की भोपाळकडे गाड्या पाठवू नका. घरी न जाता ते फलाटावरील पीडितांच्या सेवेत राहिले. त्यांचा एक मुलगा त्या वायूने दगावला; ते स्वतः दीर्घ आजारानंतर २००३ साली वारले. दस्तगीर मुसलमान होते. त्या गाडीतील बहुतेक प्रवाशांना आपली गाडी लवकर का सुटली, हे त्या वेळी कळलेही नसेल.