मशीन बिघडलं की थांबलं?

मराठीत 'बिघडणं' आणि 'थांबणं' हे दोन वेगळे शब्द आहेत. शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे असेल, पण मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. बिघडलेल्या वस्तूला दुरुस्ती लागते, थांबलेला मात्र कशाची तरी वाट पाहत असतो. कपडे धुण्याचं मशीन अर्ध्यावर मुकाट झालं, की घरात एकच ओरड होते, "मशीन बिघडलं!" पुष्कळदा ते नुसतं थांबलेलं असतं. कशासाठी, हे ओळखता आलं तर मेकॅनिकची फेरी वाचू शकते.

ही बाब किरकोळ नाही. मशीन थांबलं, की चार माणसांचे कपडे साबणाच्या पाण्यात पडून राहतात. ते उपसून पिळायचं काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं. माझ्या अम्मीनं आयुष्यभर हातानं धुणं धुतलं. तिच्या बोटांच्या भेगा मी पाहिल्या आहेत. म्हणून या यंत्राला मी चैन म्हणत नाही.

मशीन तरी काय करतं? अम्मी करायची तेच, त्याच क्रमानं. पाणी घ्यायचं, कपडे घुसळायचे, घाण पाणी सोडायचं, खळबळायचं आणि पिळायचं. फक्त पुढच्या पायरीवर जाण्याआधी ते खात्री करून घेतं. पाणी पुरेसं आलं का? सगळं गेलं का? झाकण लागलंय का? भार सारखा आहे का? उत्तर 'नाही' आलं, की काही वेळ वाट पाहून ते थांबतं. म्हणून आधी दोनच गोष्टी पाहाव्यात : कोणत्या पायरीवर थांबलं आणि आत पाणी आहे की नाही. पडद्यावर काही अक्षरं दिसत असतील, तर प्लग काढण्याआधी ती कागदावर लिहून ठेवावीत. त्यांचा अर्थ मशीनबरोबरच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

सुरुवातीलाच थांबलं असेल, तर पाण्याकडे पाहावं. नळ पूर्ण उघडा आहे का, पाइप भिंतीशी दबलाय का, टाकीत पाणी आहे का? इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. टाकी 10 मीटर उंच असेल, तर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो मिळतो. 3 मीटरच असेल, तर 0.3 किलो. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्यावर जोरात येतं आणि तिच्या लगेच खालच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. तिथलं मशीन वाट पाहून थकतं. दोष मशीनचा नसतो, दाबाचा असतो.

दाब ठीक असेल, तर जाळी पाहावी. पाण्याचा पाइप मशीनला जिथे जोडतात, तिथे आत एक छोटी जाळी असते. टाकीतला गाळ आणि बोअरिंगच्या पाण्यातले क्षार तिच्यात साचतात. प्लग काढून, नळ बंद करून पाइप सोडवावा, जाळी अलगद बाहेर घ्यावी, जुन्या टूथब्रशनं घासावी आणि आठवणीनं परत बसवावी.

मशीन मध्येच थांबलं आणि आत पाणी तसंच असेल, तर वाट बाहेर जाण्याची अडली आहे. इथे दोन जाती आहेत. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये पाणी पंपानं बाहेर फेकलं जातं. त्याच्यापुढे गाळणी असते, ती बहुधा खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या झाकणामागे सापडते. नाणी, बटणं, केसांचे गुंते, लहान मुलाचा मोजा असा ऐवज तिथे निघतो. प्लग काढावा, पाणी गरम असेल तर निवू द्यावं, खाली पसरट भांडं ठेवावं आणि मगच गाळणी हळूहळू फिरवावी. वरून झाकण असलेल्या अनेक मशीनमध्ये मात्र पंप नसतो, पाणी उताराने जातं. अशा मशीनचा पाइप जमिनीलगतच हवा. तो उंच टांगला, तर पाणी जाणार कसं? उलट पंपाच्या मशीनचा पाइप फार खाली सोडला, तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन नुसतं भरतच राहतं.

पिळण्याच्या वेळी थांबलं, तर बहुधा भाराचं कारण असतं. एकच जड गोधडी टाकली, की ती पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते. मशीन तोल सावरायचा प्रयत्न करतं आणि जमलं नाही, की थांबतं. कपडे मोकळे करून गोलाकार पसरावेत. मशीनचे चारही पाय जमिनीला टेकलेत का, हेही पाहावं. रेनकोट, ताडपत्री असे पाणी न सोडणारे कपडे मशीनमध्ये पिळायला टाकूच नयेत. त्यांच्यात अडकलेलं पाणी वेगात उसळलं, तर मशीन जोरात उलटंपालटं होऊ शकतं.

पावडर जास्त झाली, तरी मशीन अडतं. फेसानं पंपाला पाणी ओढता येत नाही. हातानं धुण्याची पावडर फार फेसाळते, म्हणून समोरून दार असलेल्या मशीनला ती चालत नाही.

आता विजेविषयी. पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर साधारण 2000 वॅटचा असतो, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर वीज. 6 अँपिअरच्या प्लगवर किंवा साध्या एक्स्टेन्शनवर ते चालवू नये. अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा प्लग हवा. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला किंवा मेन स्विच वारंवार पडू लागला, तर तिथेच थांबावं. प्लग ओल्या हातानं काढू नये. जमीन ओली असेल, तर आधी मेन बंद करावा. मागचं पत्र्याचं झाकण घरी उघडू नये. मोटर नुसती गुरगुरत असेल आणि टब फिरत नसेल, तर तेही मेकॅनिकचंच काम.

मेकॅनिकला फोन करताना 'चालत नाही' एवढंच सांगू नये. मशीन कोणत्या पायरीवर थांबलं, आत पाणी किती आहे आणि पडद्यावर कोणती अक्षरं होती, हे सांगावं. तो योग्य सुटा भाग घेऊन येईल आणि दुसरी फेरी वाचेल. नळ, प्लग आणि गाळणी कुठे आहे, हे घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनीही पाहून ठेवावं. गाळणी महिन्यातून एकदा साफ करण्याचं काम तर त्यांनी आपल्याकडेच घ्यावं.