वायफाय सापडत नाही तेव्हा

लॅपटॉपवर डेबियन बसवल्यावर वायफायची यादी रिकामी दिसली, की पुष्कळ मंडळी तत्काळ ड्रायव्हरला दोषी ठरवतात. परंतु पहिली जबानी ‘आरएफकिल लिस्ट’ या आज्ञेची घ्यावी, कारण तेथे ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ आले, तर अडसर बहुधा लॅपटॉपच्या कडेच्या बारीकशा खटक्याचा असतो. तो नसेल, तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ने कार्डाला ड्रायव्हर लाभला आहे की नाही ते पाहावे.

ड्रायव्हर असूनही वायफाय मुके असेल, तर ‘सुडो डीमेसेज’ हा कर्नलचा रोजनामा सावकाश वाचावा. माझ्या यंत्राच्या रोजनाम्यात फर्मवेअरच्या नावापुढे ‘-२’ हा आकडा होता; त्याचा अर्थ, ती फाइलच जागेवर नाही. ड्रायव्हर हा कर्नलचा कारभारी, तर फर्मवेअर हा प्रत्यक्ष कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम. आणि त्याचा परवाना बहुधा मुक्त नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये त्याला २०२३ सालच्या १२व्या आवृत्तीपर्यंत मज्जावच होता. गैरसोय सोसूनही पाळलेला हा तत्त्वाग्रह मला आजही आदरणीय वाटतो.

फर्मवेअरची फाइल अशी जागेवर नसेल, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगने तात्पुरते इंटरनेट मिळवावे, ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ विभागातून आपल्या कार्डाचे पॅकेज घ्यावे आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.